फोलिओ म्हणजे पान की पृष्ठ?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये (‘मेट’मध्ये) शाहनाम्यातल्या, म्हणजे फिर्दौसीच्या फारसी महाकाव्याच्या हस्तलिखितांमधल्या चित्रांच्या पाट्यांवर ‘फोलिओ’ लिहिलेलं असतं. मराठीत त्याला पृष्ठ म्हणावं का? आणि ‘रेक्टो’ (पानाची पुढची बाजू), ‘व्हर्सो’ (मागची बाजू) यांना काय म्हणावं?

पान म्हणा. फोलिओ म्हणजे दोन्ही बाजूंसह अख्खा कागद. पृष्ठ म्हटलंत की हिशेब निम्म्याने चुकतो. इराणचा सोळाव्या शतकातला राजा शाह तहमास्प याच्यासाठी तब्रिझमध्ये तयार झालेल्या शाहनाम्याचे फोलिओ 759, म्हणजे पृष्ठं 1518. ‘759 पृष्ठांचा ग्रंथ’ असं लिहिलं की अर्धा ग्रंथ गायब.

फोलिओसाठी मराठीने पान कधीच पक्कं केलंय. रोजकीर्दीतला ‘खा. पा.’ रकाना आठवा, तो खातेपान, म्हणजे लेजर फोलिओच. मुळातही तेच आहे. लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे झाडाचं पान आणि अरबी ‘वरक’ म्हणजेही पानच, झाडाचं तसंच कागदाचं. मिठाईवर लावतात तो वर्ख हाच शब्द. पोथ्यांच्या सूचीत ‘पत्रे’ लिहितात तेही बरोबर, पण आज म्युझियमच्या पाटीवर ‘पत्र’ वाचून लोक टपालातलं पत्र समजतील.

अडचण एवढीच की बोलताना आपण ‘पान नंबर 12 उघडा’ म्हणतो तेव्हा पानाची एकच बाजू डोळ्यांपुढे असते. म्हणून बाजू वेगळी सांगावी लागते. इथे ‘पाठपोट’ कामाला येतो. झेरॉक्सच्या दुकानात रोज ऐकू येणारा शब्द, कागदाच्या दोन्ही बाजूंसाठी. व्हर्सोला ‘पाठ’ चपखल बसतो (गंमत म्हणजे ‘पृष्ठ’चाही मूळ अर्थ पाठच). रेक्टोला नुसतं ‘पोट’ कानाला विचित्र लागतं, तिथे ‘दर्शनी बाजू’ बरं.

रेक्टोला ‘उजवं पान’ मात्र म्हणू नका. इंग्रजी पुस्तकात ते चालून जातं. फारसी ग्रंथाचा कणा उजवीकडे असतो. ग्रंथ उघडला की डाव्या हाताला न उलटलेल्या पानाची दर्शनी बाजू दिसते, उजव्या हाताला उलटलेल्या पानाची पाठ. म्हणून समोरासमोर पसरलेलं जोडचित्र कधीच एका पानाचं नसतं. त्याची उजवी बाजू 1 ची पाठ, तर डावी 2 ची दर्शनी बाजू. ग्रंथ सुटा करून विकला की असं चित्र दोन गिऱ्हाइकांकडे जाऊ शकतं.

आणि ग्रंथ सुटे झाले आहेतच. तहमास्पचा शाहनामा अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन यांनी 1959 मध्ये विकत घेतला. त्यात चित्रं 258. त्यातली 78 त्यांनी 1970 मध्ये मेटला दिली, नंतर काही पानं लिलावात गेली. उरलेला ग्रंथ, 118 चित्रांसह, 1994 मध्ये आधुनिक चित्रकार विलेम डी कूनिंग यांच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत गेला. त्यामुळे मेटच्या पाटीसाठी ‘सुटं पान’ हेच शब्द योग्य. ‘लघुचित्र’ टाळता आलं तर टाळा. ‘मिनिएचर’चा उगम ‘मिनियम’मध्ये, म्हणजे शेंदरात आहे, लहान आकाराशी त्याचा संबंध नाही. तहमास्पच्या शाहनाम्याचं पान तर साधारण 47 × 32 सेंटिमीटरचं आहे!

भिंतीवरच्या चौकटीत पाठ झाकलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मजकूर तिथे वाचायला मिळत नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या बाजूचा फोटो आहे का बघा आणि मगच पाटीचं भाषांतर करा.

एका ग्रंथापुढे मात्र ‘पान’ अपुरं पडतं. चौदाव्या शतकातला, इराणवरच्या मंगोल (इल्खानी) राजवटीच्या काळचा मोठा शाहनामा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसचे व्यापारी जॉर्ज देमोत यांच्या हाती आला. त्यांनी तो पानं सुटी करून विकलाच, शिवाय ज्या पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं होती ते जाडीतून सोलून एकाची दोन करवली. सुटलेले थर त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या पानांवर चिकटवले, तेही खालचा मजकूर झाकून. म्हणून काही चित्रांच्या पाठीवरचा मजकूर भलत्याच गोष्टीतला निघतो. वर कित्येक वर्षं तो ग्रंथ ओळखला गेला देमोतच्याच नावाने. अशा चित्राखाली ‘पान’ लिहिणं चूक. तिथे ‘सोललेलं पृष्ठ, दुसऱ्या पानावर चिकटवलेलं’ असंच लिहावं.