जैसलमेरजवळ वाळवंटात दिसलेला बिनकेसांचा, मोठ्या कानांचा प्राणी कोणता असेल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरअखेर खुहडीच्या पुढे, भर दुपारी, रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक प्राणी दिसला. गावठी कुत्र्याहून लहान, अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी राखाडी नि सुरकुतलेली, कान डोक्याच्या मानाने अवाढव्य, शेपटी घुशीसारखी. जीप थांबवली तरी पळाला नाही.

खोकड. वाळवंटी खोकड, लूत (केस झडवणारा कातडीचा रोग) लागलेलं.

इतर उत्तरांत कुणी तरसाचं पिल्लू म्हटलंय. तरसाच्या अंगावर जन्मापासून पट्टे असतात आणि त्याचा खांद्याकडचा भाग उंच, मागचा उतरता असतो. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. कुणी कुत्रा आणि खोकडाचा संकर म्हणतंय. कुत्र्याची गुणसूत्रं ७८, या खोकडाची ३४ च्या आसपास. तो संकर होत नाही, विषय संपला. आणि एकाने ‘सीमेपलीकडून सोडलेला प्राणी’ असं ठोकून दिलंय. ते वाचल्यावर मला गप्प बसवेना. नेमकं हेच वाक्य मी तिथेच, जैसलमेरला ऐकलंय, आणि त्या वाक्यापायी माणसं हातात गज घेऊन आलेली पाहिलीत.

मी मूळचा सांगलीकडचा. सातारच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचं काम शिकलो आणि पुढे बदलीवर राजस्थानात गेलो, देखभालीच्या कामावर. आमच्यासारखी मराठी मुलं तिथे पुष्कळ. प्रत्येक मशीनच्या पायथ्याशी ट्रान्सफॉर्मरचं यार्ड असतं, भोवती जाळीचं कुंपण. जानेवारीत तिकडे दिवसा ऊन असतं, पण रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि उघड्यावर वारा हाडात शिरतो. वारा असला म्हणजे मशीन चालतं, आणि मशीन चालत असलं म्हणजे ट्रान्सफॉर्मर रात्रभर उबदार राहतो.

एका सकाळी लोकेशनवर गेलो तर जाळीखालची वाळू उकरलेली होती आणि आत ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याला पाठ लावून असंच एक जनावर पडलं होतं. पाठीवर केस नव्हतेच. मागच्या पायांवर आणि शेपटीच्या बुडाशी जाड, भेगाळलेली खपली. डोळे चिकटून अर्धे मिटलेले. मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. शेपटीच्या टोकाला तेवढा पांढऱ्या केसांचा झुबका शिल्लक होता. त्या टोकावरूनच मी ओळखलं, कारण वाळवंटी खोकडाचं शेपटीचं टोक पांढरं असतं. आपल्याकडे माळावर दिसणाऱ्या खोकडाचं काळं असतं.

आमचा पहारेकरी म्हातारा होता, जन्मभर उंट राखलेला. तो जाळीपाशी उकिडवा बसला, नीट पाहिलं आणि म्हणाला, “लूंकडी है साब। खाज लगी है। ऊंट को भी ऐसी ही लगती है।” लूंकडी म्हणजे खोकड. उंटाला खाज लागली की ते लोक तारामिऱ्याचं तेल चोळतात. त्याच्या दृष्टीने यात गूढ काहीच नव्हतं. शिकलेल्यांच्या दृष्टीने मात्र होतं. आमच्यातल्या एका पोराने मोबाइलवर व्हिडिओ काढून साइटच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात तो फिरून परत आला तेव्हा त्यावर मजकूर चढला होता: सीमेपलीकडून सोडलेला प्राणी, रात्री बकऱ्या फाडतो. दुपारच्या आधीच शेजारच्या बांधकामावरची दहा-बारा माणसं हजर. काहींच्या हातात काठ्या, काहींच्या हातात सळईचे गज.

साइटच्या वरिष्ठांना फोन लावला. उत्तर आलं, “उद्या पाहणीला लोक येतायत. ते तिथे दिसता कामा नये. मारून टाका आणि पुरा.”

मी यार्डाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. ३३ केव्हीचं चालू यार्ड, परमिटशिवाय कुणी आत जायचं नाही, हा नियम त्याच वरिष्ठांनी आम्हाला घोकून घेतला होता. लोखंडी गज घेऊन आत शिरणारा प्राण्याआधी स्वतः मेला असता. गर्दीला मी एवढंच सांगत राहिलो आणि दुसरीकडे वन खात्याला फोन. त्यांची गाडी दुपारनंतर आली. जाळं आणलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. जाड हातमोजे घालून एकाने उचललं, पेटीत ठेवलं, वर गोणपाट टाकलं. अंगात विरोध करण्याइतकं बळच नव्हतं.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी पात्याच्या धारेने खपलीच्या कडेचं कातडं रक्त येईपर्यंत खरवडलं, काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवलं. गोल शरीर, आखूड पाय. सार्कोप्टिस नावाचा माइट, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालत जाते. माणसाला खरूज होते ती याच माइटच्या माणसावर जगणाऱ्या जातीमुळे. खाजवून खाजवून केस जातात, कातडी जाड होते, जखमा चिघळतात. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुसऱ्या रात्री ते गेलं. डॉक्टर म्हणाले, लुतीने केस नेले, जीव मात्र थंडीने आणि उपासमारीने नेला.

तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टींचं उत्तर यातच आहे. खोकडाचा दिसणारा आकार निम्मा केसांचा असतो. केस गेले की कान मोठे, पाय लांब, तोंड निमुळतं आणि शेपटी दोरी उरते. आपण जन्मभर पाहिलेलं जनावर अचानक अनोळखी होतं. आणि भर दुपारी का? वाळवंटातलं खोकड बिळात दिवस काढतं आणि अंधारात शिकार करतं: उंदीर, जर्बिल, सांडा, किडे, बोरं. अंगावर केस नसले की रात्रीची थंडी सोसत नाही, म्हणून ते दुपारी उन्हात येऊन बसतं. अशक्तपणामुळे पळत नाही. पळत नाही म्हणून माणसं त्याला धीट, बाधा झालेलं, सोडलेलं ठरवतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्वेरो गावाजवळ २००७ साली असाच बिनकेसांचा प्राणी मेलेला सापडला. लोकांनी तो रक्त पिणारा चुपाकाब्रा ठरवला. विद्यापीठात डीएनए तपासला तर निघाला कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ मध्ये लूत शिरली आणि दोनेक वर्षांत तिथली ९५ टक्क्यांहून जास्त खोकडं संपली. आजार इतका गंभीर आहे. थट्टेचे व्हिडिओ करायची ही गोष्टच नाही.

आता ‘मारून टाका’ म्हणणाऱ्यांबद्दल. आमचे वरिष्ठ नंतरही हेच म्हणत राहिले की रोगट जनावर मारलं असतं तर रोग थांबला असता. मी तेव्हाही विचारलं होतं, आजही विचारतो: रोग आला कुठून? आमच्या मेसच्या मागे रोजचं खरकटं उघड्यावर टाकलं जायचं. त्यावर कुत्री जमली. आधी चार-पाच, मग मोजता येईनात इतकी. त्यातली निम्मी खाजवत फिरायची, पाठीवर तसेच भगदाडासारखे चट्टे. रात्री त्याच खरकट्यावर खोकडं यायची. अंगाला अंग लागून लूत पसरते, आणि लूत लागलेल्या जनावराने वापरलेल्या बिळातूनही पसरते. मी लेखी मागणी केली होती की खड्डा खणा, झाकण बसवा, कुत्र्यांवर उपचार आणि नसबंदी करून घ्या. उत्तर मिळालं की कुत्री हवीत, तांब्याची केबल चोरीला जाते, कुत्री फुकट राखण करतात.

हे चूक आहे, आणि मी ते खाजगीत म्हणत होतो तेच इथे म्हणतो. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, पण कुत्र्याला त्याची हद्द कळत नाही. हीच कुत्री टोळी करून चिंकाऱ्यामागे लागतात, जमिनीवरची अंडी खातात, आणि माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. एका बाजूला माळढोकासाठी पिंजऱ्यात प्रजनन चालवायचं आणि दुसऱ्या बाजूला खरकटं टाकून शिकारी कुत्री पोसायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही. कुत्र्यांशी माझं वैर नाही. त्यांना रोग लागू देणं हाही त्यांच्यावरचा अन्यायच आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. कातडी खरवडून तपासल्याशिवाय लूत पक्की म्हणता येत नाही. नायटा आणि इतर कातडीच्या रोगांतही केस जातात. उन्हाळ्यात खोकडाचे केस तसेही विरळ होतात, त्यामुळे मे महिन्यातल्या प्रत्येक हडकुळ्या खोकडाला आजारी समजू नका. तुमचं डिसेंबरातलं होतं, तेव्हा केस दाट हवेत, म्हणून मी इतक्या ठामपणे बोलतोय. जवळ जाऊ नका, हात तर मुळीच लावू नका. माणसालाही काही दिवस खाज सुटू शकते, आणि न घाबरणाऱ्या जंगली जनावरात रेबीजची शंका नेहमी धरायची. मटणात गोळी घालून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती गोळी कोण खाईल आणि किती खाईल याचा भरवसा नसतो. जागा नोंदवा, लांबूनच फोटो काढा आणि वन खात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे. तुमच्याकडे फोटो असेल तर शेपटीच्या टोकाचा आणि कानांच्या मागच्या बाजूचा भाग मोठा करून पाहा. टोक पांढरं, कानामागे काळं, म्हणजे ते वाळवंटी खोकडच, शंका उरत नाही.

आणि पुन्हा जाल तेव्हा ज्या तंबूत उतराल तिथे विचारा की खरकटं कुठे जातं. सम-खुहडीकडे डिसेंबरात शेकडो पाहुणे जेवतात, ते सगळं कुठेतरी जातंच. ‘मागे कुत्री खातात’ असं उत्तर आलं तर बिल देताना तोंडावर सांगा की हे बंद करा, आणि घरी आल्यावर लिहून टाका म्हणजे पुढचे पाहुणेही विचारतील. राखणीला कुत्री लागतात हे कारण ऐकून घेऊ नका. आमच्या साइटवरची केबल गेली तेव्हा ती सगळी कुत्री तिथेच होती.