स्विफ्ट वळणावर अंग टाकते: स्पेसर लावावेत की सस्पेन्शनकडे पाहावे?

आपण विचारले आहे की, २०१८ ची आणि नव्वद हजार किलोमीटर चाललेली आपली स्विफ्ट चोर्ला घाटातल्या वळणांवर अंग टाकते, म्हणजे एका बाजूला झुकते, महामार्गावर शंभरच्या आसपास तरंगल्यासारखी वाटते, तेव्हा चारही चाकांना २० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चाकामागे बसवून चाक बाहेर ढकलणाऱ्या जाड चकत्या, आणि गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा टाकाव्यात का. माझे मत असे की स्पेसर लावू नयेत आणि स्प्रिंगांनाही तूर्त हात लावू नये. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे झिजलेल्या भागांची आहेत, आणि झिजलेल्या भागांवर नवा भाग चढवला तर मूळ दोष फक्त झाकला जातो, दूर होत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये बरीच वर्षे मशीन शॉपमध्ये काम केले आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी हा बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता मी स्वतःच्या स्विफ्टने सर्व ऋतूंत केला आहे आणि स्पेसर लावण्याची चूकही केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम स्पेसरने मिळते किती, ते पाहू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाईल हे गाडीचे वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन चाकांमधल्या अंतराने भागून निघते. हे अंतर साधारण दीड मीटर धरले आणि प्रत्येक बाजूला २० मिलिमीटर वाढवले, तर १५०० चे १५४० होतात, म्हणजे भाराची ही सरकण अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होते. त्याच वेळी चाक बाहेर गेल्याने स्प्रिंगवरची तरफ लांब होते, स्प्रिंग किंचित मऊ भासू लागते आणि त्या अडीच टक्क्यांतलाही काही भाग कापला जातो. गाडीचे अंग टाकणे मुख्यतः स्प्रिंगा आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे रोखणारा दांडा) यांच्या ताठपणावर अवलंबून असते, त्यामुळे स्पेसर लावल्यावर गाडी मागून रुंद दिसते, पण वळणावर जवळजवळ पूर्वीइतकीच झुकते.

आता मोबदल्यात काय जाते, हा माझ्या दृष्टीने खरा मुद्दा आहे. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढवला तर रस्त्याला एका बिंदूत मिळतो, आणि त्या बिंदूपासून टायरच्या रस्त्यावरील मध्यापर्यंतचे अंतर गाडी आखणारे फार विचार करून ठरवतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत हे अंतर शून्याच्या जवळ किंवा किंचित ऋण ठेवलेले असते, म्हणजे तो बिंदू टायरच्या मध्यापेक्षा थोडा बाहेर पडतो. अशा मांडणीत एका बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागला आणि गाडी त्या बाजूला ओढली गेली, तर तेच चाक आपसूक उलट दिशेला वळू पाहते आणि गाडी पुष्कळशी सावरली जाते. या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरप्या जोडीने, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे अशा वाटलेल्या असतात, आणि एक जोडी निकामी झाली तर ही आखणीच चालकाच्या मदतीला येते. २० मिलिमीटरचा स्पेसर चाकाला नेमके त्या बिंदूच्या बाहेर ढकलतो. ऋण अंतर धन होते आणि सावरणारे चाक आता ओढणाऱ्या बाजूला साथ देऊ लागते.

हे कागदावरचे वाटू नये म्हणून सांगतो. कणकुंबीच्या परिसरात पावसाळ्यात डांबराच्या कडेला पाणी साचते आणि समोरून बस आली की डावे चाक त्या पाण्यात घालावेच लागते. मूळ मांडणीत स्टिअरिंगला हलका झटका जाणवतो आणि तेवढ्यावर थांबतो. स्पेसर असताना माझ्या हातातून स्टिअरिंग डावीकडे ओढले गेले, आणि मुलगी शेजारी बसलेली असताना आलेला तो क्षण मी विसरू शकलेलो नाही.

माझे स्पेसर १२ मिलिमीटरचे होते. ओळखीच्या एका कारखान्यात ॲल्युमिनिअमच्या चकत्या लेथवर काढून घेतल्या होत्या, मापे मीच दिली होती आणि दोन चुका माझ्याच होत्या. पहिली चूक मध्याची. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि चाक त्यावर नेमके बसल्याने मध्यात राहते. साध्या चकतीमुळे तो उंचवटा चाकापर्यंत पोहोचेनासा झाला; चकतीच्या बाहेरच्या तोंडावर तसाच उंचवटा काढायला हवा होता, तो मी काढला नाही. चाक केवळ नटांच्या निमुळत्या टोकांवर मध्यात धरले गेले आणि महामार्गावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. बॅलन्सिंग दोनदा करून घेतले तरी फरक पडला नाही, कारण दोष चाकात नव्हताच.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. चकतीने स्टडचे, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या हबवरच्या दांड्यांचे, १२ मिलिमीटर आटे खाल्ले आणि नट जेमतेम पाच फेरे चढत होता. या स्टडचा व्यास १२ मिलिमीटर आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर आहे, म्हणजे नटाची पकड फक्त सव्वासहा मिलिमीटरची होती. निदान स्टडच्या व्यासाइतकी, म्हणजे साडेनऊ फेऱ्यांच्या जवळपास पकड हवी. चाकाचा भार स्टडने तोलायचा नसतो. नट घट्ट आवळल्यामुळे चाक आणि हब यांच्या तोंडांमध्ये जे घर्षण निर्माण होते, ते भार धरते. पकड कमी पडली, किंवा दोन तोंडांमध्ये गंज, रंग वा चिखल राहिला, की चाक सूक्ष्म सरकू लागते, स्टड वाकवला जातो आणि थकून तुटतो. माझे स्टड तुटण्याआधी मी चकत्या काढल्या, पण एका चकतीच्या तोंडावर घासल्याच्या काळ्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या.

स्पेसरचा रास्त उपयोग मला एकच ठाऊक आहे. बदललेल्या चाकाचा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचे अंतर) मूळपेक्षा जास्त असेल, म्हणजे चाक आत गेले असेल आणि ते शॉकअपला किंवा ब्रेक कॅलिपरला घासत असेल, तर त्या फरकाएवढाच, दोन्ही तोंडांना मध्य धरणारा स्पेसर लावून चाक मूळ जागी आणता येते. तेव्हाही आटे मोजावेत, हवेच्या गनने नट न आवळता टॉर्क रेंच वापरावा आणि शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. ५० मिलिमीटर ऑफसेटचे चाक ४५ च्या जागी बसवले असेल तर ५ मिलिमीटर पुरतात. २० लागण्याचे काही कारण नाही.

आता आपल्या गाडीकडे वळू. नव्वद हजारांत, त्यातही खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर, शॉकअप थकलेले असणार. तेल गळते आहे का ते पाहावेच, पण न गळणारा शॉकअपही आतून निकामी झालेला असू शकतो. टायरच्या पृष्ठावर तळहात फिरवा. ठरावीक अंतराने उंचसखल लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारते आहे असे समजावे. महामार्गावरचे तरंगणे बहुधा याचेच असते. स्टिअरिंग ढिले वाटत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, पाहावेत, आणि लहान खड्ड्यांत खडखड होत असेल तर स्टॅबिलायझर बारला जोडणारे लिंक रॉड. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत आणि त्याच वेळी वरचे माउंटही बदलावेत.

इथे एक बारकावा आहे, जो मिस्त्रीला आधीच सांगून ठेवावा. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर, गाडीचे वजन त्यांच्यावर असताना आवळावेत. तसे न केल्यास बुशमधले रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट करणे आवश्यकच आहे.

आखूड स्प्रिंगांबद्दल लोक समजतात की गाडी खाली आली की झुकणे कमी होणारच. पुढच्या स्ट्रट पद्धतीच्या, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या, सस्पेन्शनमध्ये गाडी बसवली की लोअर आर्म आतून खाली कलतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोहोंतले अंतर, म्हणजे झुकवणारी तरफ, उलट वाढते, आणि ते भरून काढण्यासाठी स्प्रिंग बरीच ताठ करावी लागते. शिवाय चाकाला वरखाली हलायला जागा कमी उरल्याने पाच माणसे व सामान घेऊन निघालेली गाडी वळणातल्याच खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे त्या जागेच्या टोकाला असलेल्या रबरी अडथळ्यावर, आदळते, आणि त्या क्षणी पकड एकदम सुटते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असावा. आपल्या गावांच्या तोंडावरचे गतिरोधक त्या मापाचे असते, तर मी खाली बसवण्याला एवढा विरोध केला नसता. चिकोडी, निपाणीकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ प्रकारचे शॉकअप, बुश आणि टायर बदलणे यात मोडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा, असे मी सुचवतो: आधी टायर आणि हवा, मग बुश व लिंक रॉड, मग चारही शॉकअप, आणि शेवटी अलाइनमेंट. माझ्या गाडीत एवढे केल्यावर, स्प्रिंगा मूळच्याच ठेवून, चोर्ल्याच्या उतारावर मला पुन्हा एका वळणात दोनदा स्टिअरिंग सुधारावे लागले नाही. आपल्या टायरच्या बाजूवर उत्पादनाचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ते आणि थंड टायरमधली हवा किती आहे, एवढे कळवलेत तर नेमकी सुरुवात कुठून करायची ते मी अधिक खात्रीने सांगू शकेन.