वाचकांचे प्रश्न : एमजीबीचा आतला भाग

प्रश्न : माझ्याकडे 1966 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. सीट बसल्यात, गालिचा कुजलाय, आरपीएम मीटर बंद आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : गालिचा सर्वांत शेवटी. आधी जुना उचलून पाणी कुठून येते ते शोधा. चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर हीटरचे कूलंट गळते आहे. साधे असेल तर पुढच्या काचेचे रबर तपासा. गंजलेला पत्रा झाकून वर नवा गालिचा घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

सीटचा फोम बदलण्यापूर्वी खालचा रबरी आधार पाहा. तो सैल असेल तर नवा फोमही लवकर बसतो. कव्हर तासभर उन्हात ठेवून मगच चढवा.

मीटर घेताना मात्र घाई नको. 1967 च्या अखेरीपर्यंत या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे; नंतर निगेटिव्ह, म्हणजे ऋण टोक. नंतरच्या गाडीचे मीटर दिसायला सारखेच असले तरी तसेच जोडून चालणार नाही. विक्रेत्याकडून डायलच्या तळाशी छापलेल्या स्मिथ्सच्या (मीटर बनवणारी कंपनी) क्रमांकाचा स्पष्ट फोटो मागवा आणि तुमच्या मीटरशी ताडून पाहा. तुमची वायरिंग आधीच कोणी उलटवली आहे का, हेही बघा. जुन्या गाड्यांत असे उद्योग सर्रास झालेले असतात. जुने मीटर टाकू नका, बहुधा दुरुस्त होते.