वासरू बाटलीला तोंडच लावत नाही, काय करावं?

गाय आजारी आहे आणि दोन दिवसांचं वासरू बाटलीनं पीत नाही म्हणताय, तर बोटापासून सुरुवात करा. दुधात बुडवलेलं बोट तोंडात घालून टाळूला लावायचं, ते चोखायला लागलं की हळूच निपल सरकवायचं. दूध धारेचं असतं तेवढं कोमट हवं. पण व्याल्यावर चीक, म्हणजे गायीचं पहिलं घट्ट दूध, कधी पाजला, किती पाजला, हे तुम्ही लिहिलंच नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आमची एचएफ (होल्स्टिन जातीची) गाय रात्री व्याली आणि लगेच बसली, दुधाचा ताप, म्हणजे अंगातलं कॅल्शियम एकदम कमी पडलेलं. कालवड झालेली, गाय उठेना मग ती पिणार कशी, म्हणून मी बसल्या गायीचाच चीक काढायला घेतला तर सासरे आडवे आले, जार (वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही म्हणे. कॅल्शियम कमी पडलेल्या गायीचा जार उशिरा पडतो, कधी अडकतोही, तोवर लेकरानं उपाशी राहायचं का? चिकातली रोगाशी लढायची ताकद वासराच्या आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या 24 तासांतच, आणि तीही तासातासाला कमी होत जाते. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात 3 लिटर तरी. मी काढलाच. गाय पूर्ण पिळली नाही, कारण अशा गायीचं कॅल्शियम अजून खाली जातं, वासरापुरताच काढला.

मग म्हणाले बाटली कशाला, बांबूच्या नळकांड्यानं घशात ओत. ते मी होऊ दिलं नाही. ओतलेलं दूध फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि चोखून प्यायलं तरच दूध पोटाचा पहिला कप्पा टाळून थेट चौथ्यात जातं, पचतं तिथंच. डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियम दिलं, गाय उठली. ती कालवड पुढं व्याली, दूध डेअरीला जातंय, तरी आमचे सासरे अजून चार गोठ्यांत जाऊन जार पडायची वाट बघा असंच सांगतात. आणि पहिल्या चिकाचा खरवस करून वाटणाऱ्यांनो, आधी वासराचं पोट भरा, उरला तर करा.

हां, बाटली सडाच्या उंचीला धरा, मान फार वर करू नका, निपलचं भोक कापून मोठं करू नका. वासरू बोटही चोखत नसेल, कान गार लागत असतील तर बळंच पाजू नका, पोत्यात गुंडाळून ऊब द्या आणि डॉक्टरांना लगेच फोन करा, चीक मिळाला नसेल तर तेही सांगा.