कासव कोणतं, नर की मादी? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

कासवाची ओळख विचारणाऱ्या वाचकांनी सोबत फोटोही पाठवलेत, पण जवळजवळ सगळे पाठीचे आहेत. पाठीवरून जात अर्धीमुर्धी कळते आणि नर-मादी तर कळतच नाही. खरी माहिती मिळते ती पोटाच्या कवचावरून, पायांवरून आणि शेपटीवरून. म्हणून यापुढे दिवसाउजेडी काढलेले पाच फोटो पाठवा: पाठ, पोट, पुढचे पाय, मागून शेपटी आणि बाजूने डोकं. प्रत्येकात शेजारी मोजपट्टी ठेवा. उचलताना दोन्ही हातांनी मधोमध धरा, सावकाश एका कुशीवर कलतं करा आणि अर्ध्या मिनिटात सरळ करा. नंतर साबणाने हात धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकवर करू नका.

प्रश्न (महाल): आमच्याकडे बारा वर्षांपासून कासव आहे. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत, पण आता पाठीला टेंगळं आलीत. लांबी 19 सेमी, शेपटी अगदी आखूड. कोणती जात? नर की मादी? कवचावरची वर्तुळं मोजून वय कळेल का?

हे चांदणी कासव, म्हणजे आपलं भारतीय स्टार कासव. खात्रीसाठी तीन गोष्टी बघा. मानेच्या अगदी वर, कवचाच्या कडेला मधोमध एक छोटी चकती बऱ्याच कासवांना असते. याला ती नसते. पाय जाड, खांबासारखे असतात आणि बोटांमध्ये पडदा नसतो. पोटाच्या कवचावरही किरणांसारखे पट्टे असतात. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ब्रह्मदेशातलं स्टार कासव पाठीवरून फसवतं. त्याच्या पोटावर मात्र किरण नसतात, नुसते काळे डाग असतात.

टेंगळांवरून जात ठरवू नका. या जातीची पाठ मुळातच थोडी उंचसखल असते. पिल्लू असताना कोरड्या हवेत आणि चुकीच्या आहारावर वाढलेल्या कासवाची प्रत्येक चकती शिखरासारखी वर येते, चांदण्या ताणल्या जातात आणि ते वेगळंच कासव वाटू लागतं.

आता नर-मादी. पोटाच्या कवचावर मोजपट्टीची कड लांबीच्या दिशेने टेकवा आणि आडव्या नजरेने बघा. मध्ये पट्टीखालून उजेड दिसला, म्हणजे पोट खोलगट असलं, तर नर. पट्टी सगळीकडे टेकली तर बहुधा मादी. नराची शेपटी लांब असते, बुडाशी जाड असते आणि तो ती एका बाजूला दुमडून ठेवतो. मादीची आखूड आणि बोथट. मादी आकारानेही बरीच मोठी होते. तुम्ही दिलेल्या मापावरून आणि शेपटीवरून ही मादी वाटते, तरी पट्टीची परीक्षा करून बघाच. कवच 12 सेमीच्या आतलं असेल तर मात्र कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच समजा.

वर्तुळांवरून वय काढता येत नाही. भरपूर खाणं मिळालं की एका वर्षात दोन-तीन वर्तुळं पडतात, आणि म्हातारपणी ती झिजून जातात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विदर्भ हा या कासवाचा मूळ मुलूख नाही. ते वायव्येला गुजरात-राजस्थानात, दक्षिणेला आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत आणि श्रीलंकेत सापडतं. नागपुरातल्या घरात ते पोचतं ते बहुतेक वेळा तस्करीतूनच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळता येत नाही, आणि 2019 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर स्वतःहून कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. बारा वर्षांचा लळा सोडवत नाही हे समजतं, पण भरभराटीसाठी घरात कासव हवं असेल तर पितळेचं पुरतं.

प्रश्न (हुडकेश्वर): दुकानातून हिरवं, कानामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू आणलं होतं. आता ते काळपट झालंय, लाल पट्टाही गेला. पुढची नखं खूप वाढलीत. कापावीत का? मादीच आहे ना?

नखांना हात लावू नका. ती वाढली नाहीत, ती तशीच असतात, आणि त्यावरूनच हा नर आहे हे कळतं. हे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. मादीसमोर पोहत नर ही लांब नखं तिच्या तोंडापाशी थरथरवतो. त्याची शेपटीही लांब असते आणि शेपटीखालचं मलमूत्राचं छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. मादीची नखं आखूड, छिद्र कडेच्या आत, आणि देह नरापेक्षा बराच मोठा.

रंग जाणं हे म्हाताऱ्या नराचं लक्षण आहे. अशा काळ्या पडलेल्या नराला लोक आपलं तळ्यातलं काळं कासव समजतात. त्या देशी कासवाच्या पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे असतात आणि पोट गडद, कडेला पिवळं असतं. स्लायडरचं पोट पिवळं, प्रत्येक चकतीवर काळा ठिपका.

प्रश्न (सावनेर): शेतातल्या विहिरीत जुनं कासव आहे. पाठ चामड्यासारखी, गुळगुळीत. पाय आत घेतले की खालून झडप बंद होते.

या झडपांवरूनच ओळख पटते: हे झडपांचं मऊ पाठीचं कासव, इंग्रजीत फ्लॅपशेल. मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा पोटाच्या कवचाला असतात. नराची शेपटी जाड आणि लांब, मादीची आखूड. पण त्यासाठी ते बाहेर काढू नका. मान लांब असते, वळून कडकडून चावतं. शिवाय ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेलं आहे. विहिरीत सुखात आहे, तिथेच राहू द्या.

प्रश्न (धंतोली): आमची एकटी स्लायडर 24 सेमीची आहे. टाकीच्या पाण्यात तिने तीन अंडी घातली. नर नसताना हे कसं?

कोंबडीसारखंच, नराशिवायही अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. पूर्वी कधी नरासोबत राहिली असेल तर मात्र मादी वीर्य काही वर्षं साठवून ठेवू शकते. काळजीची गोष्ट वेगळी आहे: पाण्यात अंडी घातली याचा अर्थ तिला खणायला जागा मिळाली नाही. निदान 20 सेमी खोल, मुठीत वळेल इतक्या ओल्या माती-वाळूची पेटी टाकीला जोडून द्या. ती मागच्या पायांनी उकरत राहिली, खाणं सोडलं, तरी अंडी आली नाहीत, तर अंडी आत अडकलेली असू शकतात. एक्स-रेत अंडी स्पष्ट दिसतात. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. या काळात तिला पाठीवर उताणी करू नका.

प्रश्न (प्रतापनगर): कासवाच्या शेपटीतून काळं-जांभळं, फुलासारखं मांस बाहेर आलं आणि काही मिनिटांत आत गेलं. आतडं होतं का?

नाही, ते नराचं लिंग होतं. आता नर-मादीचा प्रश्नच उरला नाही. मात्र ते अर्ध्या तासात आत गेलं नाही तर ओल्या स्वच्छ सुती कपड्याने झाका, मुंग्या आणि दुसरी कासवं दूर ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. बोटाने आत ढकलू नका.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): स्लायडर सांभाळणं जमत नाही. फुटाळा तलावात सोडू का?

अजिबात नको. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या आक्रमक जातींच्या यादीत ते आहे. उन्हाला बसायची जागा आणि खाणं ते देशी कासवांकडून हिसकावतं, आणि पाळीव कासवांमधले रोगही तळ्यात पोचतात. अंबाझरी, सोनेगाव, कुठेही नको. मोठी टाकी असलेला पाळणारा शोधा, नाहीतर 1926 वर विचारा. नेताना पाण्याची बादली नको. भोकं पाडलेल्या खोक्यात ओलं फडकं घाला, कासव त्यावर ठेवा आणि मे महिन्यात सकाळी आठच्या आत निघा. उन्हात उभ्या गाडीत ते थोड्याच वेळात मरतं.