शंका-समाधान : पासवर्डचा नियम लावला, पण लागेना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत विंडोज सर्व्हर २०१९ चं डोमेन (सर्व्हरवरून एकत्र सांभाळलेली खाती आणि संगणक) आहे, ६० संगणक. लेखा विभागाच्या ओयूला (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला खात्यांचा आणि संगणकांचा कप्पा) ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून लावायचे नियम) जोडून पासवर्डची किमान लांबी १२ केली. जीपीअपडेट (पॉलिसी ताजी करायची आज्ञा) झालं, रीस्टार्टही झालं. तरी तिथले कर्मचारी ७ अक्षरांचा पासवर्ड ठेवू शकतात. कुठे चुकतंय?

उत्तर : पॉलिसी जोडण्याची जागा चुकली. डोमेन खात्याचा पासवर्ड डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) तपासतो, टेबलावरचा संगणक नव्हे. आणि कंट्रोलर हा नियम फक्त डोमेनच्या मुळाशी जोडलेल्या पॉलिसीतून उचलतो. बहुतेक ठिकाणी ती ‘डिफॉल्ट डोमेन पॉलिसी’ असते. तुमची पॉलिसी लागली असेल तर त्या ओयूतल्या संगणकांवरच्या लोकल खात्यांना, म्हणजे त्या-त्या संगणकापुरत्या खात्यांना. ७ हा आकडा मूळ सेटिंगचा. त्याच सेटिंगमध्ये पासवर्डची मुदत ४२ दिवस आणि लॉकआउट ० असतो, म्हणजे कितीही वेळा चुकलं तरी खातं लॉक होत नाही. हेही एकदा बघून घ्या.

एकाच विभागाला वेगळा नियम हवा असेल तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी (ठरावीक लोकांपुरता पासवर्डचा नियम) करा. ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर’मध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे डोमेनमधल्या खात्यांची नोंदवही) डोमेनखाली ‘सिस्टम’, त्यात ‘पासवर्ड सेटिंग्ज कंटेनर’, तिथे ‘न्यू’. प्रेसिडन्स (अग्रक्रम) १०, लांबी १२. ही पॉलिसीही ओयूला लावता येत नाही. लेखा विभागाचा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुप करून तो खालच्या ‘डायरेक्टली अप्लाइज टू’मध्ये घाला. एकाच माणसाला ग्रुपमार्फत दोन पॉलिसी लागल्या तर प्रेसिडन्सचा लहान आकडा जिंकतो.

यात हमखास फसायची जागा म्हणजे लॉकआउटचा चौकोन. नवी पॉलिसी डोमेनच्या पॉलिसीत मिसळत नाही, तिची जागाच घेते. लॉकआउटवर टिक केली नाहीत तर डोमेनमध्ये ५ चुकांची मर्यादा घातलेली असली तरी लेखा विभाग तिच्यातून सुटतो. शेवटी त्यातल्या एखाद्याचं खातं निवडून ‘व्ह्यू रिझल्टंट पासवर्ड सेटिंग्ज’ बघा.

लांबी वाढवली तरी जुने छोटे पासवर्ड चालूच राहतात. नियम पुढच्या बदलाला लागतो. मुदतीचं उलटं आहे. ती पासवर्ड शेवटचा बदलला त्या दिवसापासून मोजतात. आजवर मुदत नव्हती आणि आता ९० दिवस टाकलेत, तर वर्षभर जुने पासवर्ड असलेले सगळे एकदम अडकतील, तेही कॅश काउंटर उघडायच्या वेळी. म्हणून ग्रुपमध्ये पाच-पाच जण घाला. आमचं मत विचाराल तर लांबी वाढवा, मुदतीच्या मागे लागू नका. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सेटिंगची यादी) मुदतीची अट काढली. ऑडिटरने लेखी मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : एका सहकाऱ्याचं खातं दिवसातून चार वेळा लॉक होतं. पासवर्ड तर बरोबर टाकतात!

उत्तर : ते बरोबर टाकतात, पण दुसरीकडे कुठेतरी जुना पासवर्ड जातोय. ‘पीडीसी एम्युलेटर’ची भूमिका असलेल्या कंट्रोलरवर (लॉकआउटच्या नोंदी जिथे जमतात तो) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाचा इव्हेंट शोधा, ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’समोर संगणकाचं नाव मिळेल. त्या संगणकावर क्रेडेन्शियल मॅनेजर (साठवलेले पासवर्ड), मॅप केलेले ड्राइव्ह, शेड्यूल्ड टास्क आणि लॉगऑफ न करता सोडलेलं रिमोट डेस्कटॉप सेशन, या क्रमाने बघा. वायफायचं लॉगिन हाताळणाऱ्या सर्व्हरचं नाव आलं तर त्यांच्या खिशातला फोन तपासा.

प्रश्न : सगळ्या संगणकांवर लोकल ॲडमिनचा एकच पासवर्ड आहे. सोय आहे, पण धोका किती?

उत्तर : एका संगणकावरून तो फुटला की साठही उघडे. विंडोज लॅप्स (प्रत्येक संगणकाच्या लोकल ॲडमिनला वेगळा पासवर्ड देणारी सोय) वापरा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोज १० आणि ११ मध्येच आहे, सर्व्हर २०१९ मध्येही. स्कीमा (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या नोंदींचा आराखडा) एकदा वाढवायचा, संगणकांच्या ओयूला स्वतःचा पासवर्ड लिहायची परवानगी द्यायची, मग ग्रुप पॉलिसीत ‘बॅकअप डिरेक्टरी’ म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरी निवडायची. हे शेवटचं राहिलं तर बाकी सगळं करूनही काही घडत नाही. काही बदललं नाहीत तर १४ अक्षरांचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. डोमेनला जोडलेले संगणक मूळच्या ‘कॉम्प्युटर्स’ फोल्डरमध्ये पडून असतील तर आधी ओयूत हलवा. तो फोल्डर ओयू नाही, त्याला पॉलिसी जोडता येत नाही.