मागचा शॉकअप: दुरुस्तीचे पैसे वेगळे, हौसेचे वेगळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षं जुनी, ६०,००० किलोमीटरच्या आसपास चाललेली मोनोशॉकची, म्हणजे मागे एकच शॉक असलेली बाइक. खड्ड्यातून गेलं की मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होते आणि डबलसीट असताना तळाला आपटते. तुमचं वजन हेल्मेट-जॅकेटसकट ९५ किलो. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, ते) शेवटच्या खाचेवर नेऊनही समाधान नाही. नामांकित कंपनीचा पूर्ण ॲडजस्टेबल शॉक घ्यायचा तर किंमत तुमच्या पाच महिन्यांच्या बचतीएवढी. दुकानदार बारा हप्त्यांत द्यायला तयार आहे, व्याज ‘फक्त १० टक्के’. आहे तोच शॉक उघडून तेल-सील बदलून, वजनाला साजेशी स्प्रिंग टाकली तर दीड महिन्याच्या बचतीत भागतं. तुम्ही दरमहा घरखर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम मागे टाकता, अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि बाइक अजून तीन वर्षं तरी वापरायची आहे. तर नवा शॉक घ्यावा का?

सध्या घेऊ नका, आणि हप्त्यांवर तर अजिबात नको. पण हातावर हात ठेवून बसूही नका. जुना शॉक लवकरात लवकर उघडायला द्या.

तुमच्या पत्रात दोन वेगळे खर्च एकाच बिलात मिसळले आहेत. एक दुरुस्तीचा: थकलेला भाग पुन्हा कामाचा करणं आणि तो तुमच्या वजनाला जुळवणं. दुसरा हौसेचा: कॉम्प्रेशनचे क्लिक (शॉक दबण्याचा वेग बदलणाऱ्या खाचा), रिबाउंडचे क्लिक (परत उसळण्याचा वेग बदलणाऱ्या), बाजूला लावलेली तेलाची वेगळी टाकी. हौसेला माझा विरोध नाही. महिनाभर राबून माणसाने आवडीच्या गोष्टीवर खर्च करावा, तेवढ्यासाठीच मी लोकांना हिशोब मांडायला सांगतो. फक्त हौस थांबू शकते. तुमची दुरुस्ती थांबू शकत नाही, कारण तो सुरक्षिततेचा खर्च आहे.

खड्ड्यावर स्प्रिंग दबते आणि लगेच ती ताकद परत सोडते. ही उसळी आवरायचं काम शॉकमधल्या तेलाचं असतं. बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या थरांतून तेल ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जिरते. वर्षानुवर्षं तापून आणि रगडून ते पातळ होतं, सील झिजतात, आतला नायट्रोजनचा दाब उतरतो, मग तेलात फेस धरतो. रस्त्यावरच्या वापरात २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर तेल बदललेलं बरं. तुमचं तर त्याच्या दुप्पट होऊन गेलं आहे. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही, तो आपसूक वेग कमी करून जुळवून घेतो. आणि उसळी आवरली गेली नाही तर मागचं चाक रस्त्यावरून क्षणभर सुटतं. तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना पकड असते. वळणावर, ओल्या रस्त्यावर, मागे घरचं माणूस बसलेलं असताना हे घडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता स्प्रिंगबद्दल सविस्तर, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असा सर्रास समज आहे. तसं होत नाही. प्रीलोडने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे बाइक मागून उंच राहते. प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर तेवढाच राहतो. कंपनी मूळ स्प्रिंग साधारण ७० ते ८० किलोचा चालक धरून निवडते. तुम्ही ९५, वर डबलसीट. म्हणजे तेल नवं भरलं, तरी जुन्या स्प्रिंगवर गाडी तळाला आपटतच राहील. तुम्ही पाहिलेला महागडा शॉकसुद्धा दुकानातून ठरावीक स्प्रिंगसह येतो. ती तुमच्या वजनाची नसेल, तर पाच महिन्यांची बचत घालूनही तुम्ही आज आहात तिथेच राहाल. वजनाला योग्य स्प्रिंग आणि ताजं तेल असलेला साधा शॉक हा चुकीच्या स्प्रिंगच्या भारी शॉकपेक्षा चांगला चालतो.

स्प्रिंग खरंच कमी पडते आहे का, हे एक मोजपट्टी आणि दोन मदतनीस घेऊन घरीच तपासता येतं. मागचं चाक जमिनीपासून पूर्ण सुटेल अशी बाइक उचला. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग बाइक चाकांवर उभी करून तेच अंतर घ्या, आणि शेवटी पूर्ण पेहरावात तुम्ही बसल्यावर. प्रत्येक वेळी मागची बाजू एकदा दाबून सोडायची, एकदा उचलून सोडायची आणि दोन मापांची सरासरी घ्यायची, म्हणजे घर्षणामुळे आकडा फसवत नाही. पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की तुम्ही बसल्यावर गाडी किती बसते ते कळतं. रस्त्यावरच्या बाइकला हे चाकाच्या एकूण हालचालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवं. हालचाल १२० मिलिमीटर असेल तर ३५ ते ४०. पहिल्यातून दुसरं वजा केलं तर गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते निघतं, आणि ते ५ ते १५ मिलिमीटर असावं. प्रीलोड शेवटच्या खाचेवर असताना हा स्वतःच्या वजनाचा आकडा शून्याजवळ आणि तुम्ही बसल्यावरचा ५० च्या घरात आला, तर स्प्रिंग निश्चित मऊ आहे. ही मापं कागदावर लिहून तो खिशात घेऊनच वर्कशॉपमध्ये जा. बोलणं लगेच नेमकं होतं आणि नको ते तुमच्या गळ्यात मारणं अवघड जातं.

पैसे बाहेर काढण्याआधी आणखी तीन गोष्टी बघा, कारण दोष कधीकधी शॉकमध्ये नसतोच. टायरमधली हवा थंड टायरवर मोजा. डबलसीटसाठी कंपनीने वेगळा दाब सांगितलेला असतो. मागची बाजू हाताने उचलून हलवा. ‘टक’ असा आवाज येऊन सैलपणा जाणवला तर लिंकेजची (शॉकला मागच्या चाकाच्या दांडीशी जोडणाऱ्या सांध्यांची) बुश-बेअरिंगं किंवा शॉकचा डोळा (टोकाचं बोल्ट बसायचं भोक) झिजला आहे. लिंकेज गंजून जाम झालेलं असलं तर जगातला कुठलाही शॉक नीट चालणार नाही. अशा वेळी नुसतं साफ करून ग्रीस भरल्यानेही बाइक ओळखू येणार नाही इतकी सुधारते. तिसरं, टायरचं वय. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर कडक झालं असेल किंवा मधोमध सपाट झालं असेल, तर पैशांवर पहिला हक्क टायरचा.

आता हिशोब. पाच महिन्यांची बचत म्हणजे तुमचा एक अख्खा महिन्याचा घरखर्च. रोख घेतलात तर अडीअडचणीचा निधी निम्मा होतो. मुळात दोन महिने हेच कमी आहेत, मी किमान तीन आणि शक्यतो सहा महिन्यांचा आग्रह धरतो. दुरुस्ती आणि स्प्रिंगमध्ये काम झालं तर साडेतीन महिन्यांची बचत हातात राहते. घरखर्चाच्या भाषेत हे एकवीस दिवस झाले. नोकरीत खंड पडला किंवा कुणाचं आजारपण निघालं तर हे एकवीस दिवस तुम्हाला त्या क्लिकांपेक्षा फार मोलाचे वाटतील.

हप्त्यांचा ‘१० टक्के’ हा आकडा नीट समजून घ्या. व्याज मूळ रकमेवर सपाट लावलंय, पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत जाता. सहा महिन्यांनी निम्मंच कर्ज उरतं, तरी व्याज पूर्ण रकमेवरचंच चालू असतं. त्यामुळे बारा हप्त्यांवर सपाट १० टक्क्यांचा खरा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. एकूण व्याज अर्ध्या महिन्याच्या बचतीएवढं होतं, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा एक तृतीयांश नुसत्या व्याजात गेला. शिवाय वर्षभर तुमची जवळजवळ निम्मी मासिक बचत हप्त्यात अडकून पडते, त्यामुळे निधी वाढायचा वेगही निम्म्यावर येतो. क्रेडिट कार्डावर घेऊन थोडं थोडं फेडायचा विचार असेल तर तो मनातून काढून टाका. महिना ३ टक्के हे ऐकायला लहान वाटतं, चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं.

वापराच्या वर्षांवर वाटून पाहिलं तरी चित्र तेच दिसतं. तीन वर्षांत नवा शॉक वर्षाला जवळजवळ पावणेदोन महिन्यांच्या बचतीला पडतो, दुरुस्ती अर्ध्या महिन्याच्या. सात वर्षांची बाइक विकताना भारी शॉकचे वेगळे पैसे सहसा कुणी देत नाही, म्हणून विकताना मूळ शॉक परत बसवून नवा वेगळा विकावा लागतो. तोही त्याच मॉडेलच्या मालकालाच चालतो.

जुन्या बाजारात दुसऱ्या मॉडेलचा चांगला शॉक स्वस्तात मिळतो, असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात मी पडणार नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर, हालचाल, खालचा क्लॅम्प, सगळं जुळावं लागतं. लिंकेजमुळे शॉकची हालचाल चाकाशी येईपर्यंत दुपटी-तिपटीने वाढते. शॉक फक्त ५ मिलिमीटर लांब असला तरी मागची बाजू १० मिलिमीटर किंवा जास्तच उचलली जाते, आणि तेवढ्याने पुढच्या फोर्कचा कोन सुमारे ०.४ अंशाने बदलतो. स्टिअरिंगचा स्वभाव बदलायला हे पुरेसं आहे. शिवाय त्यातलं तेलही थकलेलंच असणार, म्हणजे भरून घ्यायचा खर्च सुटत नाहीच. तुमच्याच मॉडेलचा, कमी चाललेला, उघडता येणारा मिळाला तर गोष्ट वेगळी.

काम देताना स्प्रिंग आणि तेल एकाच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच लागते. कडक स्प्रिंग उसळीही जोरात मारते, तेव्हा रिबाउंडचं डॅम्पिंग, म्हणजे तेलाची उसळी आवरायची ताकद, तिच्या मानाने वाढवून मागा, नाहीतर आज जे होतंय तेच पुन्हा होईल. घरी उघडायचा प्रयत्न करू नका. आत दाबाखाली गॅस असतो, बाहेर दाबलेली स्प्रिंग, आणि दोन्हींमुळे गंभीर इजा होऊ शकते. सांगितलेला खर्च शॉक प्रत्यक्ष पाहून सांगितलाय की फोनवर, हेही विचारा. काही मूळ शॉक कायमचे बंद केलेले असतात, त्यांना आधी गॅस भरायची सोय करावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे होतात.

माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल. शॉकमध्ये आतबाहेर सरकणाऱ्या दांड्याचं क्रोम खरवडलेलं किंवा गंजाने खड्डे पडलेलं निघालं तर नवे सील काही महिन्यांत पुन्हा गळतील, आणि दांडा बदलायचा खर्च नव्या शॉकच्या जवळ जात असेल तर दुरुस्तीवर एक पैसाही घालू नका. तेव्हासुद्धा दुकानात पाहिलेला तो पूर्ण ॲडजस्टेबल नको. प्रीलोड आणि रिबाउंड एवढंच बदलता येणारा, उघडून दुरुस्त होणारा आणि सुटे भाग मिळणारा शॉक पुरतो. तो मिळेपर्यंत डबलसीट टाळा, आणि पैसे निधीतून न काढता दर महिन्याच्या बचतीतून वेगळे साठवा. ऑर्डर देताना स्वतःचं पेहरावासकट वजन, मागे बसणाऱ्याचं वजन आणि आठवड्यातून किती वेळा डबलसीट जाता, हे लेखी द्या. त्यानुसार स्प्रिंग बसवूनच शॉक पाठवतील का, हे पैसे भरायच्या आधी ठरवून घ्या.